वाचक विचारतात : प्रक्रिया केलेले सांडपाणी ठिबकला देताना

फेब्रुवारी उलटला की तापीच्या दोन्ही काठांवर विहिरी तळ दाखवू लागतात, आणि शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे शेतकऱ्याचे लक्ष जाते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच याच विषयावरची होती, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. खालची उत्तरे प्रक्रिया झालेल्या पाण्यापुरतीच आहेत. नाल्याला पंप लावून थेट उचललेल्या पाण्याला त्यातले काहीही लागू होत नाही. ते पाणी कितीही गाळले तरी पिकाला देण्याजोगे होत नाही.

प्रश्न : शेजारच्या वसाहतीच्या प्रक्रिया केंद्राचे पाणी आम्ही शेततळ्यात घेतो आणि तिथून दोन एकर केळीला ठिबकने देतो. १२० मेशचा डिस्क फिल्टर आहे, पण एप्रिलपासून तो दर तासा-दीड तासाने तुंबतो. आणखी एक डिस्क फिल्टर जोडावा का?
— एक केळी उत्पादक, भुसावळ तालुका

जोडू नका, दोन्ही तुंबतील. १२० मेश म्हणजे साधारण १३० मायक्रॉनची फट (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). विहिरीच्या पाण्यातली वाळू, कचरा, गंज असे कडक कण ती छान अडवते. तुमच्या पाण्यातला माल मात्र मऊ आहे : शेवाळ, जिवाणूंचे पुंजके, केंद्रातून निसटलेला सेंद्रिय गाळ. हा चिकट पदार्थ चकत्यांवर साय धरल्यासारखा पसरतो. दाब वाढला की त्यातला काही भाग फटीतून पिळून पलीकडे जातो आणि ड्रीपरमध्ये पुन्हा जमतो. अशा गाळाला जाड थर लागतो, म्हणजे सँड फिल्टर. क्रम असा ठेवा : आधी सँड फिल्टर, त्यानंतर तुमचा आहे तोच डिस्क फिल्टर. सँड फिल्टरची तळाची जाळी फुटली, तर वाळू नळ्यांत जाऊ न देणे हे मग डिस्कचे मुख्य काम उरते.

आकार ठरवताना कॅटलॉगमधल्या सर्वात मोठ्या आकड्यावर जाऊ नका. स्वच्छ पाण्याला एका चौरस मीटर वाळूतून तासाला ५०-६० घनमीटर चालतात. सांडपाण्याला ३५ ते ४० च्या वर जाऊ नये. दोन एकरांत पाच बाय पाच फुटांवर सुमारे ३,५०० खोडे बसतात. ऐन उन्हाळ्यात प्रत्येकी १८ लिटर धरले तर दिवसाला ६३ घनमीटर पाणी लागते. तासाला २० घनमीटरचा पंप सव्वातीन तासांत ते देतो. त्याला अर्ध्या चौरस मीटरपेक्षा थोडे जास्त क्षेत्रफळ हवे. २४ इंच व्यासाच्या दोन टाक्या समांतर जोडल्या की ०.५८ चौरस मीटर मिळते. ३६ इंची एकच टाकीही पुरेल, पण दोन टाक्यांत एकीच्या गाळलेल्या पाण्याने दुसरी धुता येते. एकाच टाकीत बॅकवॉशलाही (उलट्या प्रवाहाने वाळू धुण्यालाही) तळ्यातलेच घाण पाणी वापरावे लागते आणि ते वाळूच्या खालच्या बाजूने आत शिरते. म्हणून दोनच घ्या.

बॅकवॉश कधी करायचा हे गेज सांगतो. धुतलेल्या फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक ०.१ ते ०.२ केजी (चौरस सेंटिमीटरला किलो) असतो. तो त्याच्यावर अर्धा केजीने वाढला की बॅकवॉश करा. दोन वेगवेगळ्या गेजवर हा फरक मोजू नका, स्वस्त गेज आपसांतच तेवढे चुकतात. एकच गेज तीनमार्गी कॉकवर बसवून दोन्ही बाजूंचा दाब त्याच्यावरच वाचा. गेज काहीही म्हणो, सांडपाण्यावर रोजच्या पाळीनंतर एक बॅकवॉश ठेवाच. रात्रभर तसाच राहिलेला सेंद्रिय गाळ वाळूला धरतो आणि लिंबाएवढे गोळे बनतात. मग पाणी गोळ्यांच्या कडेने वाट काढते. गेज दाबातला फरक कमीच दाखवतो, सगळे ठीक वाटते, आणि घाण सरळ पलीकडे जात असते. दाबातला फरक अचानक कमी झाला तर आनंद मानू नका. झाकण उघडून वाळूत हात घाला.

बॅकवॉशचा व्हॉल्व्ह किती उघडायचा? बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली पांढरे सुती फडके धरा. व्हॉल्व्ह हळूहळू उघडत जा. फडक्यावर वाळूचे चार-दोन दाणे दिसू लागले की किंचित मागे घ्या आणि ती जागा रंगाने खूण करून ठेवा. पाणी स्वच्छ होईपर्यंत, म्हणजे तीन ते पाच मिनिटे, चालू द्या. एका टाकीला सहाशे-आठशे लिटर पाणी जाते. ते परत शेततळ्यात सोडू नका, कारण अडवलेली सगळी घाण त्यातच असते. वेगळा शोषखड्डा करा किंवा बांधावरच्या सागाला द्या.

आता तळ्याविषयी, कारण तुमचा अर्धा त्रास तिथला आहे. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या सक्शन नळीचे पाण्यातले तोंड, तळाशी असेल तर तो गाळ ओढतो, पृष्ठभागाजवळ असेल तर शेवाळ. दोन रिकाम्या प्लॅस्टिक कॅनना बांधून तो पाण्याखाली दीड-दोन फुटांवर तरंगता ठेवा. केंद्राचे पाणी तळ्याच्या एका कोपऱ्यात पडू द्या आणि सक्शन बरोबर समोरच्या कोपऱ्यात घ्या. दोन्ही जवळजवळ असतील तर आज आलेले पाणी आजच उपसले जाते आणि मधले सगळे तळे नुसते साठून राहते. शेडनेट अंथरता आले तर शेवाळाचे मूळच तुटते.

प्रश्न : सँड फिल्टरमध्ये नदीची वाळू चाळून भरली तर चालेल का?
— रावेर

नाही. नदीचे दाणे गोल आणि लहान-मोठे असतात. लहान दाणे मोठ्यांच्या मधल्या जागा भरतात, त्यामुळे थर वरच्या वर तुंबतो. बारीक वाळू बॅकवॉशमध्ये वाहून जाते ती वेगळीच. फोडलेल्या गारगोटीची, कंगोरे असलेली, एकसारख्या आकाराची सिलिका वाळू घ्या. ड्रीपरच्या तोटीतल्या पाणीवाटेच्या दहाव्या भागाइतका कण अडायला हवा, हा हिशेब धरा. वाट एक मिलिमीटर असेल तर १०० मायक्रॉनपर्यंत गाळणे आले, आणि त्याला १६ नंबरची वाळू पुरते. कमी प्रवाहाच्या, अरुंद वाटेच्या इनलाइन (आतच ड्रीपर बसवलेल्या) नळीला २० नंबर घ्या. २४ इंची टाकीत ४० सेंटिमीटरचा थर द्यायला सुमारे १७५ किलो वाळू लागते. घेण्याआधी चिमूटभर वाळूवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती परत करा. वापरात असलेल्या वाळूचे कंगोरे झिजून बोटाला गुळगुळीत लागू लागले की बदला.

प्रश्न : फिल्टर व्यवस्थित आहेत, तरी ओळीच्या शेवटच्या ड्रीपरमधून थेंब पडत नाही. नळी कापली तर आत काळपट बुळबुळीत थर निघतो, काही ठिकाणी पांढरी खरही आहे. आम्ल सोडावे की क्लोरीन? दोन्ही एकदम सोडले तर काम लवकर होईल का?
— चोपडा तालुका

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : दोन्ही एकदम कधीही नाही. हायपोक्लोराइट किंवा ब्लिचिंग पावडर आम्लाला भिडली की क्लोरीन वायू सुटतो. बंद पंपघरात तो जीव घेऊ शकतो. दोन्हींच्या बादल्या, नळ्या, व्हेंच्युरी (औषध ओढून पाण्यात सोडणारे साधन) वेगळ्या ठेवा आणि दिवसही वेगळे ठरवा. दोन्हींच्या मध्ये निदान एक पाळी साध्या पाण्याची जाऊ द्या.

तुमच्याकडे दोन वेगवेगळे आजार आहेत. बुळबुळीत काळा थर जिवाणूंचा, त्याला क्लोरीन. पांढरी खर कॅल्शियम कार्बोनेटची, तिला आम्ल. तांबूस चिखल दिसला तर लोह समजा. पांढऱ्या धाग्यांसारखे काही लोंबत असेल आणि पाण्याला सडक्या अंड्याचा वास असेल तर ते गंधकाचे जिवाणू. म्हणजे शेततळ्याच्या तळाशी हवा संपली आहे. सक्शन वर घ्या.

पण औषधाच्या आधी नळ्या धुवा. फिल्टरमधून सुटलेले बारीक कण नळीत संथ वाहताना जिवाणूंच्या चिकट धाग्यांना धरतात आणि ओळीच्या शेवटाला साठतात. १६ मिलिमीटरच्या नळीचे टोक उघडल्यावर मिनिटाला साडेचार लिटर पाणी यायला हवे, तेव्हा आतला वेग सेकंदाला अर्धा मीटर होतो. दहा लिटरची बादली सव्वादोन मिनिटांत भरली पाहिजे. सगळी टोके एकदम उघडली तर हा वेग मिळत नाही. आठ-दहा ओळी एका वेळी उघडा, पाणी नितळ झाले की बंद करून पुढच्या घ्या. आधी मेन, मग सबमेन, शेवटी नळ्या. विहिरीच्या पाण्यावर हे काम महिन्यातून एकदा चालते, या पाण्यावर आठवड्याला हवे.

क्लोरीनचा हिशेब असा. पंप तासाला २० घनमीटर देतो आणि १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) क्लोरीन हवे, तर तासाला २०० ग्रॅम क्लोरीन लागते. १० टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट असेल तर तासाला दोन लिटर. ३० टक्क्यांची ब्लिचिंग पावडर असेल तर सुमारे ६७० ग्रॅम. पावडर आदल्या रात्री बादलीत कालवून ठेवा आणि सकाळी वरचे नितळ पाणीच वापरा. तळाचा चुना नळीत गेला तर पांढऱ्या खरेत भरच पडेल. पाळीच्या शेवटच्या पाऊण तासात, फिल्टरच्या आधीच्या बिंदूतून सोडा, म्हणजे वाळूही साफ होते. त्याच पाण्याने नळ्या भरलेल्या ठेवून पंप बंद करा. सर्वात दूरच्या ड्रीपरचे पाणी ऑर्थोटॉलिडीनच्या थेंबांनी तपासा. पिवळसर रंग, म्हणजे सुमारे एक पीपीएम, दिसला तर मात्रा पुरली. काहीच दिसले नाही तर क्लोरीन वाटेतच खर्च झाले.

ते खर्च होण्याचे मोठे कारण अमोनिया. प्रक्रिया केलेल्या पाण्यात तो बहुधा उरलेला असतो. एक भाग अमोनियायुक्त नत्र संपवायला आठ ते दहा भाग क्लोरीन लागते, म्हणून तो संपवायच्या नादी लागू नका. अमोनियाशी जुळून तयार होणारे क्लोरामाइन सौम्य असते, पण नळीतल्या थरावर काम करते. त्याच कारणाने युरिया किंवा अमोनियम सल्फेट सोडण्याच्या दिवशी क्लोरीन नको. आणखी एक : मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, त्या उष्णतेत हायपोक्लोराइटची ताकद झपाट्याने उतरते. कॅन सावलीत ठेवा आणि महिनाभरापुरतेच आणा.

आम्लाची मात्रा बादलीवर काढा. तुमच्याच पाण्याची दहा लिटरची बादली घ्या. सिरिंजने एकेक मिलिलीटर व्यापारी हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ढवळा आणि सामू (पीएच) चारवर येईपर्यंत मोजा. समजा ६.५ मिलिलीटर लागले, तर तासाला २० घनमीटरला १३ लिटर आम्ल पडेल. आपल्याकडचे पाणी जड, त्यामुळे हा आकडा बहुतेक वेळा अंदाजापेक्षा मोठाच निघतो. शेवटच्या ड्रीपरला सामू चार आला की अर्धा तास चालवा, पंप बंद करून रात्रभर तसेच ठेवा, सकाळी धुवा. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा लागतोच. हे आम्ल लोखंडी टाकी आणि पितळी भाग खाते, म्हणून ते फिल्टरच्या नंतरच्या बिंदूतून सोडा.

पूर्ण बंद पडलेला ड्रीपर यातल्या कशानेही उघडत नाही, कारण आत पाणीच फिरत नाही. प्रवाह दहा-पंधरा टक्क्यांनी घटला तेव्हाच काम करायचे असते. प्रत्येक सेक्शनमधले ठरावीक दहा ड्रीपर महिन्यातून एकदा मोजपात्राखाली धरा आणि आकडे वहीत लिहा.

प्रश्न : सँड आणि डिस्क असे दोन फिल्टर लावल्यावर हे पाणी कोथिंबीर, मेथी आणि भरताच्या वांग्यांना दिले तर खाणाऱ्याला धोका नाही ना?
— यावल तालुका

या महिन्यातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच. ठिबकचा फिल्टर तोटी वाचवतो, माणूस नाही. जंताचे अंडे ४० ते ७० मायक्रॉनचे, जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा, विषाणू त्याहून कितीतरी बारीक. १३० मायक्रॉनच्या फटीला यातले काहीच अडत नाही. वेगाने चालणारा सँड फिल्टर थोडेफार अडवतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पाणी नितळ दिसणे ही सुरक्षिततेची खूण नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेल्या मार्गदर्शनात एका उपायावर विसंबण्याऐवजी एकामागे एक अडथळे उभे करायला सांगितले आहे. प्रत्येक अडथळा जंतू किती पटींनी कमी करतो ते त्यात दिले आहे. ठिबकने पाणी दिले आणि खाण्याचा भाग जमिनीपासून उंच असला तर दहा हजारांतला एक जंतू उरतो. पीक बुटके असेल तर ठिबकवरही शंभरातला एक उरतो. शेवटचे पाणी दिल्यावर काढणीपर्यंत ऊन-वाऱ्याने जंतू मरतात : पीक आणि हवामान पाहून दिवसाला एक तृतीयांश ते एक शतांश उरतात. स्वच्छ पाण्याने धुतल्यावर दहातला एक, साल काढल्यावर शंभरातला एक. नीट शिजवले तर दहा लाखांतला एकही मुश्किलीने.

आता पिके पाहा. केळीचा घड डोक्यावर लोंबतो, पाणी खोडाशी पडते आणि साल काढूनच खातात. या पाण्याला केळीइतके योग्य पीक कमी. मात्र बागेत पडलेली फळे उचलून विकू नका, आणि कापलेले घड ओल्या वाफ्यात न टेकवता स्वच्छ पाल्यावर किंवा ताडपत्रीवर ठेवा. भरताचे वांगे निखाऱ्यावर भाजले जाते, त्यामुळे ठिबक असेल, खालची फळे मातीला टेकत नसतील आणि काढणीआधी दोन-तीन दिवस पाणी तोडता येत असेल तर चालेल. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर, कांदा, काकडी यांना हे पाणी देऊ नका. ओल्या शेंगा कच्च्या खाल्ल्या जातात, म्हणून भुईमूगही नको.

जंताची अंडी हा वेगळाच प्रश्न. क्लोरीनने ती मरत नाहीत आणि मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षांवर टिकतात. त्याच मार्गदर्शनातली मर्यादा लिटरमागे एक अंडे, आणि शेतात किंवा मातीत पंधरा वर्षांखालची मुले वावरत असतील तर दहा लिटरमागे एक. त्यावर खात्रीचा आणि फुकटचा उपाय म्हणजे संथ साठवण. पाणी आठ ते दहा दिवस तळ्यात स्थिर राहिले तर अंडी तळाशी बसतात. दिवसाला ६३ घनमीटर लागत असेल तर किमान ६३० घनमीटरचे तळे हवे. वरून २० बाय २० मीटर, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराचे तळे सुमारे ८७५ घनमीटर धरते. तळाचा गाळ काढाल तेव्हा तो भाजीच्या वाफ्यात टाकू नका, सगळी अंडी त्यातच असतात.

शेतात राबणाऱ्यांचा विचार खाणाऱ्याच्या आधी. नळ्या जोडताना, फिल्टर धुताना हातमोजे आणि गमबूट घाला. त्याच हातांनी तंबाखू मळणे हा पोटात जंत जाण्याचा सगळ्यात सरळ रस्ता आहे. साबण आणि चांगल्या पाण्याचा हंडा पंपघरापाशी ठेवा. या पाण्याचे व्हॉल्व्ह लाल रंगवा, «पिण्याचे पाणी नाही» असे मराठीत लिहा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रही काढा. विहिरीची पाइपलाइन याला जोडलेली असेल तर तोडा. नुसत्या नॉनरिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, तो अडकतो आणि घाण पाणी विहिरीत उतरते.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत सेप्टिक टाकीनंतर कर्दळीचा वाफा आहे. त्यातून दिवसाला आठ हजार लिटर पाणी निघते. परसबागेतल्या शेवगा, पपईला द्यायचे आहे. वीज न लागता आणखी शुद्ध करता येईल का?
— नंदुरबार जिल्हा

संथ वाळू गाळणी करा. वर सांगितलेला दाबाचा सँड फिल्टर तासाला ३५ मीटर वेगाने चालतो, ही दहा सेंटिमीटरने. इतक्या संथ वेगात वाळूच्या वरच्या दोन सेंटिमीटरमध्ये जिवंत थर बसतो. तोच जंतू खातो आणि अंडी अडवतो. आठ हजार लिटर चोवीस तासांत समान सोडायचे तर ३.३ चौरस मीटर लागतात, दोन बाय दोन मीटरचा हौद बांधा. तळाला भोके पाडलेले पाइप, त्यावर मोठ्याकडून बारीककडे जाणारी ३०-४० सेंटिमीटर खडी, वर ०.१५ ते ०.३५ मिलिमीटरची धुतलेली वाळू एक मीटर, आणि तिच्यावर मीटरभर पाणी. बाहेर जाणारा पाइप वाळूच्या पातळीपेक्षा थोडा वर चढवून मग खाली सोडा. हे विसरले तर एका सुट्टीत वाळू कोरडी पडते आणि थर मरतो.

पहिले दोन-तीन आठवडे थर पिकेपर्यंत पाणी पपईला न देता कुंपणाच्या झाडांना द्या. प्रवाह घटला की वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडून धुवा आणि जपून ठेवा. एकूण थर ६० सेंटिमीटरवर आला की ती परत भरा. कर्दळीच्या वाफ्यातून गढूळ पाणी येत असेल तर मध्ये खडीची एक टाकी हवीच, नाहीतर दर चार दिवसांनी खरवडावे लागेल. आणि वाळू काळी पडून वास मारू लागली तर दोष गाळणीत नाही, वाफ्यातून येणाऱ्या पाण्यात आहे. सेप्टिक टाकी उपसून घ्या. मुलांचा वावर असल्याने ठिबकच ठेवा, आणि शेवग्याचा कोवळा पाला या बागेतला कच्चा वापरू नका.

प्रश्न : कापसाला दोन वर्षे हे पाणी दिले. आता पहिल्या पावसानंतर जमीन वर खपली धरते, पाणी मुरत नाही. आणखी बारीक फिल्टर लावावा का?
— शिंदखेडा तालुका

फिल्टरने होणार नाही, विरघळलेले क्षार प्रत्येक गाळणीतून पार होतात. साबण-डिटर्जंटमधले सोडियम काळ्या मातीच्या कणांना चिकटले आहे. उन्हाळ्यात पाण्यातल्या इतर क्षारांमुळे माती दाणेदार राहते. पावसाचे गोड पाणी पडले की ते क्षार धुतले जातात, सोडियम मागे उरते आणि माती विरघळल्यासारखी पसरते. म्हणून दोष पावसाळ्यात दिसतो. कापूस स्वतः क्षार बराच सोसतो, त्यामुळे पिकाकडे पाहून हे वेळेत कळत नाही. केळी असती तर पानांच्या कडा करपून आधीच कळले असते.

पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे एकूण क्षारांचा अंदाज), एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती), बोरॉन आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता उरणारे कार्बोनेट-बायकार्बोनेट), आणि मातीचे विनिमययोग्य (कणांना चिकटलेले) सोडियम तपासून घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सिंचन वर्गात ईसी २,२५० मायक्रोसिमेन्सपर्यंत आणि बोरॉन लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंत चालतो. एसएआरची मर्यादा त्यात २६ आहे, पण आपल्या भारी काळ्या जमिनीला ती फार सैल आहे. तिथवर वाट पाहू नका. आरएससी लिटरला अडीच मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर प्रत्येक जादा एककामागे एक हजार घनमीटर पाण्याला ८६ किलो शुद्ध जिप्सम लागतो. आरएससी चार असेल तर दीड एककाचे सुमारे १३० किलो झाले. मातीसाठी लागणारा जिप्सम माती परीक्षणाप्रमाणे वेगळा, आणि तो पावसाच्या तोंडावर पसरून वखराने मिसळायचा. ठिबकमधून सोडू नका. बांधाच्या खालच्या बाजूला चर काढा, निघालेले सोडियम शेताबाहेर गेले पाहिजे. विहिरीला पाणी असेल तेव्हा आलटून पालटून द्या.

खताचा हिशेबही त्याच तपासणीत करून घ्या. पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नत्र असेल तर हजार घनमीटरमागे २० किलो नत्र शेतात जाते. ते युरियातून वजा केले नाही तर कापूस नुसता पाल्यावर जातो, बोंडे उशिरा धरतात आणि मावा-तुडतुडे वाढतात.